ज्या दगडावर छत्री बसवली

हे प्रवासवर्णन मी एकदा देवासच्या आमच्या मराठी मंडळात वाचून दाखवलं आहे. लोक खूप हसले होते. मांडूच्या वानराचा भाग तर मला दोनदा वाचायला लावला. त्या वाचनात धार होतं, नालछा होतं, मांडू होतं. कुक्षी नव्हतं. कुणीतरी विचारलं, "मग पुढे गेलाच नाहीत का?" मी म्हटलं, "गाडी बिघडली." गाडी बिघडलेली नव्हती.

कुक्षीच्या अलीकडे एका शेतात राहणाऱ्या केसरबाईला मला एक गोष्ट सांगायची होती, ती मी सांगितली नाही. ती सांगितली नाही म्हणून तो सगळा मुक्कामच मी गिळून टाकला आणि इतकी वर्षं अर्धाच प्रवास सांगत आलो. आता पूर्ण लिहितो. जे झालं ते माझ्या हातून झालं, यावर मात्र अजूनही विश्वास बसत नाही.

देवास

माझा भाचा मुकुंद इंदूरला असतो. त्याने शाळेची एक जुनी मिनीबस विकत घेतली आणि तिच्यातली बाकं काढून तिचं घर केलं. दोन पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, खाली बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. एक दिवस ती गाडी घेऊन तो आमच्या दारात आला.

"मामा, चलो. मामीला पण घ्या. धार, मांडू, वहाँ से कुक्षी, बाघ. हॉटेलचं झंझटच नाही."

मी लगेच तयार झालो. आमची सुमन तयार होईना. ती माहेरची सांगलीकडची. लग्न होऊन माळव्यात आली आणि तिच्या कानावरचं मराठी हळूहळू आटत गेलं. मुलं हिंदी शाळेत शिकली, नातवंडं तर आमच्याशीही हिंदीतच बोलतात. तिचं मराठी उरलं होतं ते टीव्हीवर. संध्याकाळची एक मालिका ती चुकवत नसे, आणि त्या दिवसांत तिच्यात लग्न जुळत होतं की मोडत होतं.

"अहो, तुम्ही या जाऊन. मी इथे बरी आहे," ती म्हणाली.

मी देवासच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागलो आणि फोरमन होऊन निवृत्त झालो. हो-नाही करण्यापेक्षा पाना हातात घेणं मला सोपं जातं. मी गच्चीवर गेलो, टीव्हीची डिश म्हणजे आमची छत्री खोलली, केबल गुंडाळली, खालून सेट-टॉप बॉक्स उचलला आणि सगळं गाडीत नेऊन ठेवलं. लोखंडी अँगलचा तिपाई स्टँड वेल्ड करून आणला. सुमन बघत राहिली.

"आता काय सबब?" मी विचारलं.

"शेजारी विचारतील, घर सोडून चाललात का म्हणून," ती म्हणाली आणि साड्या भरायला लागली.

धार

धारला माझे चुलतभाऊ नाना राहतात. त्यांच्या वाडीच्या अंगणात गाडी लावली आणि छत्री पहिल्यांदा घराबाहेर बसवली. तिची एक सोपी युक्ती मला सापडली होती. कुठल्याही गावात गेलं की आधी लोकांच्या गच्च्या बघायच्या. सगळ्या छत्र्या एकाच दिशेला तोंड वर करून बसलेल्या असतात. आपणही आपली तशीच धरायची, मग बोटभर इकडे, बोटभर तिकडे. आत मुकुंद पडद्यावरच्या सिग्नलच्या पट्टीकडे बघून ओरडायचा, "आया, आया… गया! मामा, वापस!" पट्टी भरली आणि गाडीतून मराठी बोलणं ऐकू आलं तेव्हा नानांच्या घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. सुमन पलंगावर मांडी घालून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी बऱ्याच दिवसांनी बघितलं.

दुसऱ्या दिवशी नानांकडे कुळधर्म होता. वहिनींनी देवघरातले चांदीचे टाक ताम्हणात काढले आणि मला म्हणाल्या, "भावजी, सोवळं नेसून या, तुम्हीच अभिषेक करा." मी आंघोळ करून रेशमी सोवळं नेसलो. प्रत्येक टाकावर पूर्वजाची आकृती उठवलेली असते, नखाएवढी. एका टाकावर घोडा होता. वहिनी म्हणाल्या, "हे आपले लहान आजोबा. विहिरीत गेले, लग्नही झालं नव्हतं. त्यांचा टाक वेगळा करून घेतलाय. नाहीतर जीव भटकत राहतो."

नानांचा नातू बाजूला उभा होता. मला म्हणाला, "आजोबा, इनको रोज नहलाते हैं क्या?"

"रोज नाही रे. पण हात स्वच्छ असल्याशिवाय शिवायचं नाही."

हे वाक्य माझं आहे. मी ते मोठ्या तोऱ्यात म्हटलं. पुढचं वाचताना ते लक्षात असू द्या.

नालछ्यावरून मांडू

नालछ्याला पोहे-जलेबी खाल्ली. देवासच्या पोह्यांहून तिथल्या पोह्यांत बडीशेप जास्त, आणि वर शेव इतकी की पोहे शोधावे लागतात. दुकानदार गाडीत डोकावून म्हणाला, "भिया, पूरा घर ही उठा लाए!" मुकुंद म्हणाला, "छत के साथ."

मांडूला पठारावर वारा असतो हे मला माहीत होतं. केवढा असतो ते माहीत नव्हतं. तलावाकाठी गाडी लावली. गोरखचिंचेची ती जाडजूड झाडं बघितली, तिची फळं फोडून चघळली. संध्याकाळी छत्री बसवली. मालिकेत नवरी मंडपात येत होती, तेवढ्यात चित्र थिजलं. बाहेर येऊन बघतो तो एक वानर छत्रीच्या वाटीत बसून आमच्याकडे शांतपणे बघत होता. मी टाळ्या वाजवल्या. तो उतरला, पण उतरताना स्टँडला लाथ मारून गेला. त्यातच वाऱ्याचा झोत आला आणि तिपाईसकट छत्री दगडांवर आडवी झाली.

सुमन आतून विचारत होती, "अहो, तिने माळ घातली का? सांगा ना!"

हसून आमची पुरेवाट झाली. छत्रीला एक पोचा आला होता, तो मी लाकडी ठोकळ्याने काढला. मंडळात लोक हसले ते इथपर्यंत. पण मी मनातून चिडलो होतो. माझा स्टँड पडला, माझा! मी मुकुंदला म्हटलं, "आता बोल्ट मारल्याशिवाय छत्री बसवायची नाही. खाली पाया पक्का पाहिजे." धारला परतताना मी ड्रिलचं पातं आणि दोन अँकर बोल्ट विकत घेतले.

कुक्षीच्या अलीकडे

सरदारपूरवरून, टांडा आणि बाघ मागे टाकून आम्ही कुक्षीकडे निघालो. जमीन बदलत गेली. माळव्याची काळी माती संपली, लालसर टेकड्या आल्या, घरं एकमेकांपासून लांब, प्रत्येक घर आपापल्या शेतात. मका काढून झाला होता. कुक्षी दिवसाउजेडी गाठता येणार नाही असं दिसलं, तेव्हा रस्त्यालगतच्या एका घरापाशी थांबलो. कौलारू घर, बाहेर मोहाचं झाड. एक बाई दाणे पाखडत होती. तीच केसरबाई. नाव नंतर कळलं.

मुकुंदने विचारलं, "बाई, आज रात गाड़ी यहाँ लगा लें?"

"हौ, लगा लो," ती म्हणाली. सुमनकडे बघून हसली आणि घागर घेऊन पाण्याला गेली.

गाडीपासून चार पावलांवर, बांधाच्या कडेला, एक लांबट दगडी फरशी जमिनीवर पालथी पडलेली होती. चार बोटं जाड, सपाट, कोरी. खाली मक्याची कडबी नीट अंथरलेली. मला वाटलं, नुकतीच ट्रॉलीतून उतरवली असेल, फुटू नये म्हणून खाली कडबी घातली असेल. आजूबाजूची जमीन नांगरलेली, भुसभुशीत. असा पाया दुसरीकडे मिळणार नव्हता.

मी कुणालाही विचारलं नाही. विचारायला तेव्हा तिथे कुणी नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो आहे. पण पाणी आणायला गेलेली बाई परत येते. तेवढं मी थांबू शकत होतो.

इन्व्हर्टरवर ड्रिल लावलं, दोन भोकं पाडली, बोल्ट ठोकले आणि पान्याने आवळले. दुसरा बोल्ट आवळताना आवाज बदलला. टक् असा, बारीक. आयुष्यभर लोखंड-दगडाशी खेळलेल्या माणसाला तो आवाज कळतो. मी तांब्याभर पाणी ओतून फरशी हाताने पुसली. दगड वाळत आला तशी भोकातून कडेपर्यंत केसाएवढी ओली रेघ राहिली. सुमन गाडीच्या पायरीवर उभी होती.

"काय झालं?"

"काही नाही. फरशीच आहे," मी म्हटलं.

केसरबाई घागर घेऊन आली. फरशीवरची छत्री बघून ती जागच्या जागी थांबली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि घरात निघून गेली. बाईमाणूस लाजलं, असा अर्थ मी काढला.

थोड्या वेळाने तिचा नवरा रेमसिंग बाजारातून आला. तोही उभा राहून बघत राहिला. मी अभिमानाने म्हटलं, "अब आँधी आए तो भी नहीं हिलेगी."

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "लग गई तो रहने दो, साब. मेहमान हो. पर सुबह पत्थर उठाना पड़ेगा."

"हाँ हाँ, सुबह खोल देंगे. घर का कुछ काम निकला है?"

"हाँ साब. घर का ही है."

संध्याकाळी त्यांनी आम्हाला जेवायला घातलं. पळसाच्या पानांत दाबून गोवऱ्यांत भाजलेले मक्याचे पानिये, वर तूप, उडदाची डाळ. आपल्या माळव्यातल्या गव्हाच्या बाफल्यांहून चव अगदी वेगळी. पानाचा हिरवा वास भाकरीत उतरतो. मग सगळी माणसं गाडीच्या दाराशी येऊन बसली. मालिका लागली. सुमन शेजारी बसलेल्या केसरबाईला हिंदीत सांगत होती, हा नवरा, ही सासू, ही चांगली नाही. केसरबाई म्हणाली, "सास तो दिख ही रही है," आणि सगळे हसले.

सुमनने विचारलं, "आपके कितने बच्चे?"

"दो छोरी, दो छोरा. छोरी ससुराल में. बड़ो यह बैठो है."

"और छोटा?"

"बाहर है," ती म्हणाली आणि टीव्हीकडे बघत राहिली.

इकडची बरीच मुलं गुजरातेत मजुरीला जातात. सुमन म्हणाली, "याद आती होगी." केसरबाई म्हणाली, "हौ, बहुत."

सकाळी आम्हाला जाग आली ती माणसांच्या आवाजाने. अंगणात पाहुणे जमले होते. ढोल होता, नारळ होते, एक बोकड बांधलेला होता. डोक्याला पांढरा फेटा बांधलेला एक म्हातारा बाजेवर बसला होता. तो त्यांचा बडवा, म्हणजे पूजा सांगणारा. मी घाईने छत्री काढली, बोल्ट कापले. रेमसिंग, त्याचा थोरला मुलगा आणि आणखी दोघे आले आणि त्यांनी फरशी उचलून उभी केली.

पलीकडची बाजू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

तिच्यावर एक तरुण मुलगा कोरलेला होता. मोटरसायकलवर बसलेला. निळा शर्ट, लाल गाडी, मनगटावर घड्याळ, रंग ताजा. वर एका बाजूला सूर्य, एका बाजूला चंद्र. आणि माझी दोन्ही भोकं त्या मुलाच्या पाठीतून आरपार येऊन छातीवर उघडलेली.

मला कळायला कुणी सांगावं लागलं नाही. थोड्याच दिवसांपूर्वी मी सोवळं नेसून ताम्हणातल्या घोडेस्वारावर दूध घातलं होतं. हा त्यांचा टाक होता. अपघातात, अवेळी गेलेल्या माणसाचा दगड ते घडवून घेतात, त्याला गाता म्हणतात. तो विधीने शेताच्या कडेला उभा केला की त्या जीवाला बसायला जागा मिळते. तोवर तो बाहेर असतो. केसरबाईचा धाकटा असाच बाहेर होता.

ते सगळं एका क्षणात डोक्यात आलं आणि दुसऱ्याच क्षणी दगड फुटला. उचलणाऱ्यांनी तो खड्ड्याकडे कलता केला होता. त्या रेघेवर तो सरळ दुभंगला. मुलाचं डोकं आणि सूर्य-चंद्र एका तुकड्यात, मोटरसायकल दुसऱ्यात.

ढोल थांबला.

बडवा उठला. दोन्ही तुकड्यांना हात लावून बघितलं. भोकांकडे बघितलं. मग माझ्याकडे वळला. रागावून नाही, नुसतं विचारलं.

"साब, यह तुम्हारी मशीन से हुआ?"

आणि मी म्हटलं, "नहीं. चीर पहले से थी. मैंने कल ही देखी थी. पत्थर कच्चा था."

फोरमनच्या आवाजात म्हटलं. कारखान्यात मी असं बोललो की पोरं मान हलवायची. इथेही लोकांनी मान हलवली. दगडाचं कळणारा शहरातला माणूस सांगतोय, म्हणजे तसंच असणार. रेमसिंग म्हणाला, "छेद का क्या है, वो तो सिंदूर से भर जाता." बडव्याने डोळे मिटले, बराच वेळ काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, "माणतो नी. नाराज छे. बैठणो नी चाहतो." म्हणजे मुलगा रुसलाय, या दगडात बसायला तयार नाही.

केसरबाईने ते ऐकलं. ती खाली बसली आणि मुलाचं डोकं असलेला तुकडा तिने मांडीवर घेतला. रंगवलेल्या गालावरून बोट फिरवत विचारायला लागली. तिची बोली मला पूर्ण येत नाही, पण तेवढं कळलं. "काय झालं रे? माझं काय चुकलं?"

मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. खिशात पाना होता. मला तोंड होतं, हिंदी येत होती. मी गाडीत जाऊन बसलो.

निघताना रेमसिंगने आम्हाला मक्याची कणसं दिली. पाहुण्यांना रिकामं पाठवत नाहीत म्हणाला.

आम्ही कुक्षीला थांबलो नाही. गाडी तशीच मागे वळवली. बाघ आलं. मग सुमन म्हणाली, "अहो, रेघ तुम्ही पाडलीत. मी पायरीवरच होते."

मुकुंदने आरशातून माझ्याकडे बघितलं. "मामा, वापस लूँ गाड़ी?"

"नको," मी म्हटलं. "आता काय उपयोग."

तो नवा धक्का होता, माझा मलाच. मी खोटा माणूस आहे हे मला त्या वयात कळलं. आणि कळूनही मी 'नको' म्हटलं.

पुन्हा

काही वर्षांनी मी मुकुंदला म्हटलं, चल. सुमनला गुडघ्यांमुळे येता आलं नाही. या खेपेला गाडीत छत्री नव्हती. देवासपासून मी वाक्यं जुळवत होतो. मराठीत जुळवायचो, मग हिंदीत करायचो, मग हिंदी अजून सोपी करायचो.

मोहाचं झाड होतं, घर होतं. केसरबाई पार वाकली होती. तिने मला ओळखलं. "अरे, टीवी वाले साब!" म्हणून खरोखर आनंदली. बाज टाकली, पाणी आणलं. "बाई को नी लाया?" म्हणाली. मुकुंद मुद्दामच गाडीपाशी थांबला होता.

बांधाच्या कडेला ते दोन तुकडे झाडाला टेकवून ठेवलेले होते. रंग उडाला होता. वरच्या तुकड्यासमोर उदबत्तीची राख होती आणि वाटीत ताजं पाणी.

मी विचारलं, "दूसरा पत्थर नहीं बनवाया?"

"कैसे बनावाँ? बडवो कहे, उसका मन नी. पहले वो बोले कि क्यों नाराज है, फिर बनेगो." तिने त्या तुकड्याकडे बोट केलं. "मैं रोज पूछूँ. बोलतो ही नी. बचपन से ऐसो ही, रूठ जाए तो मुँह बंद." आणि ती हसली. आई आपल्या हट्टी पोराबद्दल हसते तशी.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. मी पाणी प्यायलो. पेला खाली ठेवला. तिने विचारलं, "इधर कैसे आया, साब?"

मी म्हटलं, "बाघ की गुफा देखने. रास्ता यही है ना?"

"रास्तो तो पीछे छूट गयो," ती म्हणाली, आणि उठून, काठी टेकत, रस्त्यापर्यंत येऊन तिने मला दिशा दाखवली.

मुकुंदने माझ्याकडे बघितलं आणि गाडी सुरू केली. गेल्या वर्षी तो कामानिमित्त कुक्षीला गेला होता. येताना त्या घरी थांबला. केसरबाई राहिली नाही, असं त्याने फोनवर सांगितलं. तुकडे होते तिथेच आहेत.

ती वाक्यं मला अजून पाठ आहेत. कुणाला म्हणून दाखवायची ते माहीत नाही, म्हणून इथे लिहितो.

"केसरबाई, तुम्हारा लड़का नाराज नहीं था. उसका पत्थर अच्छा था. मैंने तोड़ा, और झूठ बोला. उससे मत पूछो, उसने कुछ नहीं किया. मुझे माफ करो."